कालिंदीचं तेरावं

कालिंदी मी आहे, हे आधीच सांगून टाकते. हल्ली लोक विसरायला लागलेत.

मोबाइलवर ऐकायची ती ‘ध्रुवापल्याड’ नावाची मालिका आहे ना, जिच्यात अंतराळात गलबतं फिरतात आणि दर आठवड्याला कोणीतरी कोणाचा तरी ग्रह जाळतं, तिच्यातली सरखेल कालिंदी. सरखेल म्हणजे आरमाराची प्रमुख. मालिकेत तेरा ग्रह आहेत, पाच घराणी आहेत, गादीसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले चुलते-पुतणे आहेत, एक बोलणारा धूमकेतू आहे आणि एक यंत्र आहे, त्याला सगळे मुनीमजी म्हणतात. पात्रं इतकी झालीत की लेखकालाच मधूनमधून विचारावं लागतं, अरे, हा मेलाय ना? या सगळ्या गोतावळ्याला धरून ठेवणारा आवाज एकच, आणि तो माझा. पहिल्या भागातलं पहिलं वाक्य माझं आहे: ‘गलबतं सोडा.’ रिक्षावाले मला आवाजावरून ओळखतात. एकाने तर स्वारगेटहून सहकारनगरपर्यंत मुकाट्याने मीटरप्रमाणे आणलं. पुण्यात यापेक्षा मोठा पुरस्कार कोणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मालिका लिहितो धम्मदीप. विश्रांतवाडीचा मुलगा, हडपसरला कॉम्प्युटर कंपनीत चांगल्या पगारावर होता. ते सोडून हा गलबतं उडवायला लागला, तेव्हा मंत्रालयातून निवृत्त झालेले त्याचे वडील काही महिने त्याच्याशी बोलले नव्हते. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात रेडिओ असायचा आणि त्यावर माझी नाटकं लागायची. त्यामुळे कालिंदी लिहिताना त्याच्या कानात माझाच आवाज होता, असं तो माझ्या दारात उभा राहून म्हणाला. मी तेव्हा रेडिओतून निवृत्त होऊन घरी बसले होते. नवरा गेलेला, मुलगा परदेशात. दिवसभरात माझा आवाज ऐकणारी माणसं म्हणजे दूधवाला आणि समोरच्या आनंदीबाई, आणि त्यांना ऐकू कमी येतं. अशा बाईला कोणी येऊन सांगावं, की तुम्ही तेरा ग्रहांच्या आरमाराच्या प्रमुख आहात, तर ती काय नाही म्हणणार?

तर कालिंदी म्हणजे मी, श्यामला. बाकी घरात काय होतं, ते आता सांगितलंच.

मग धम्मदीपला कालिंदीचं तरुणपण दाखवायची हुक्की आली. जेमतेम दोन-तीन भागांचं काम, असं म्हणाला. त्यासाठी माहेनूरला आणली. पंचविशीतली मुलगी, बापाचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान, राहायला हडपसरच्या पुढे. पहिल्याच दिवशी कोणीतरी तिच्या मराठीचं कौतुक केलं, तर म्हणाली, ‘मी इथलीच आहे. मग कुठलं बोलणार?’ मला ते उत्तर आवडलं होतं, हे मी कबूल करते. ती बोलायला लागेपर्यंत मला तिचं बरंच काही आवडलं होतं.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. प्रत्येकजण एकेकटा येऊन काचेच्या खोलीत आपापली वाक्यं बोलून जातो. समोरच्याचं उत्तर त्याने त्याच्या दिवशी येऊन द्यायचं. पूर्वा ते सगळं जोडते. तिच्या हातात बटणं असतात आणि तिचं तोंड कायम चहाच्या कपात असतं. आता तरुण कालिंदीचा आवाज म्हाताऱ्या कालिंदीशी जुळायला हवा. म्हणून माहेनूर बोलायच्या आधी पूर्वा तिच्या हेडफोनमध्ये माझं एखादं वाक्य लावायची. मग ती त्याच चालीत, त्याच वजनात स्वतःचं बोलायची.

मला वाटलं होतं, पोर धडपडेल. तिने मला पुरती उचलली. हुकूम देण्याआधी मी अर्धा श्वास घेते. ‘गलबतं’ म्हणायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा आणि मग ‘सोडा’. ऐकणाऱ्यांना तो कालिंदीचा आवरून धरलेला संताप वाटतो. त्यावर कोणीतरी मोठा लेखसुद्धा लिहिला होता. प्रत्यक्षात तो दमा आहे. ते फक्त मला आणि माझ्या डॉक्टरांना माहीत. तर या मुलीने तो श्वाससुद्धा घेतला. माझं दुखणं तिच्या तोंडी तरुण आणि देखणं वाटायला लागलं.

दोन-तीन भागांचे दहा झाले, दहाचे वीस. मोबाइलवर भागाखाली लोक लिहायला लागले: जुनी कालिंदीच छान आहे, तिचेच भाग जास्त करा. जुनी म्हणजे ती, कारण ती आधीच्या काळातली! मी, जी मूळची, ती आता ‘नंतरची’ झाले. हे सगळं मी रोज सकाळी चहाबरोबर वाचायची. एकीने लिहिलं होतं, हिच्या आवाजात अजून सगळं व्हायचं बाकी आहे असं वाटतं. त्या दिवशी माझा चहा तसाच राहिला.

लोकांना राग सांगता येतो, दुःख सांगता येतं. हेवा कोणाला सांगणार? आणि हेवा तरी कोणाचा, तर स्वतःच्याच तरुणपणाचा, जे दुसरीच कोणीतरी रोजच्या बसने येऊन करून जाते. माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी एक दिवस पूर्वाच्या देखत मी धम्मदीपला धरलं. म्हटलं, ‘हे बघ, कालिंदी एकच असावी. ऐकणारे गोंधळतात. दोघींतलं काय ते एक ठरव.’

तो बुटांकडे बघत म्हणाला, ‘बघतो, ताई.’

मी निवांत घरी आले. वाटेत मंडईतून सीताफळं घेतली. दोघींतलं एक ठरवायचं म्हटल्यावर तो कोणाला ठेवणार, याबद्दल माझ्या मनात तिळाएवढी शंका नव्हती.

आता आमच्या तेराव्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ही पद्धत सुरू केली नागोरावांनी. ते दुष्ट विरोचनाचा आवाज करतात. फुरसुंगीच्या बाजूचे, शेती विकून आता नुसती नाटकं करणारे, माणूस लाखमोलाचा. विरोचन मेला तेव्हा ते घरून जिलबी आणि मठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, माझं तेरावं हाय, जेवून जा. तेव्हापासून ठरूनच गेलं. ज्याचं पात्र मरेल, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. महिन्यातून एका शनिवारी गर्दीचे आवाज करायला, म्हणजे लढाईतला आरडाओरडा वगैरे, आम्ही सगळे एकत्र जमतो. तेव्हाच हे जेवण. दोन महिन्यांनी विरोचनाचा जुळा भाऊ निघाला आणि तोही मेला, तेव्हा नागोरावांनी परत जिलबी आणली.

पुढची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून प्रत्येकाला फक्त आपापलीच पानं मिळतात आणि कोणी कोणाला काही सांगायचं नसतं. त्यामुळे कोण मेलं ते आम्हाला डब्यावरून कळतं. शनिवारी बाकावर कोणाचा डबा आहे, ते बघायचं. ज्याचा डबा, तो गेला.

त्या शनिवारी मी पोचले. आमचा स्टुडिओ स्वारगेटजवळ एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आहेत, तरी एसटीचा हॉर्न आत येतोच, आणि आला की परत बोलावं लागतं. जिन्यातच मला तुपाचा आणि केशराचा वास आला. वर बाकावर झाकणाला फडकं बांधलेलं एक भलं मोठं पातेलं होतं आणि त्याच्या शेजारी माहेनूर उभी होती. डोळे थोडे सुजलेले.

मला जो आनंद झाला, तो मुलाच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. चेहरा मात्र मी सांभाळला. चाळीस वर्षं नाटकं केलीत, तेवढं जमतं.

आरडाओरडा झाला. त्या दिवशी मी एकटीने पाच सैनिक मारले आणि तीन वेळा विजयाची आरोळी दिली. मग जेवायला बसलो. मटणाची बिर्याणी होती. मी घरी शिजवत नाही, पण बाहेर खाते, आणि आवडीने खाते. पहिलं ताट संपवलं. तिने विचारलं, अजून वाढू? मी म्हटलं, वाढ की. वर लिंबू पिळून घेतलं. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती, स्वतः फारसं खात नव्हती. मला वाटलं, आता मोठेपणा दाखवायला हरकत नाही. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, प्रत्येक पात्राला एक दिवस जावं लागतं, आणि चांगल्या वेळी जाणं हेही भाग्यच असतं. ती म्हणाली, मॅडम, तुमचं मन किती मोठं आहे. मी ते नाकारलं नाही.

एवढ्यात नागोराव हात धुवून आले आणि तिच्या डोक्यावर थोपटत म्हणाले, ‘पोरी, जीव बारीक करू नगं. मी दोन डाव मेलोय. काय बी होत नाय.’

माहेनूर त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘काका, मी नाही मेले,’ ती म्हणाली. ‘मॅडम गेल्या.’

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायचा की नाही, हे मला काही क्षण कळेना.

गुरुवारी तिला तिची पानं मिळाली होती. त्यात म्हातारी कालिंदी शेवटच्या लढाईत जखमी होऊन मरते आणि मरताना तिला स्वतःचंच तरुण रूप समोर दिसतं, असा प्रसंग होता. माहेनूर आपली वाक्यं शुक्रवारी बोलूनही गेली होती. मला माझी पानं आधीच मिळाली असणार, असं ती धरून चालली. ती मिळाली नव्हती, कारण ती द्यायचा धीर धम्मदीपला झाला नव्हता. आणि मग ही बिर्याणी का? तर तिच्या घरी ठाऊक होतं ते वेगळंच. ज्या घरात मयत होते, त्या घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण पोचवतात. आमच्यात तरी दुसरं काय होतं? पण मालिकेतल्या मरणाला आम्ही तेराव्याचा कायदा लावून बसलो होतो. आमचं तेरावं तिने याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि तिला वाटलं होतं नागोराव खुशीनेच जिलबी आणतात. तिच्या दादीने, मदिनाबींनी, विचारलं होतं, त्या बाईंच्या घरी कोण आहे? कोणी नाही म्हटल्यावर त्यांनीच पहाटे उठून पातेलं चढवलं होतं.

म्हणजे मी माझ्याच मयताचं जेवले होते. दोन ताटं, लिंबू पिळून.

धम्मदीप माझी पानं हातात घेऊन दाराशी उभा होता. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, ‘ताई, तुम्हीच म्हणालात ना, एकच असावी.’

‘मी म्हणाले,’ मी म्हटलं. ‘पण कोणती, ते तुला कळायला हवं होतं.’

‘खूप विचार केला. तुमच्या कालिंदीचं सगळं करून झालंय. तिच्याकडे आता फक्त आठवणी आहेत. गोष्ट पुढे न्यायची तर मला ती लागते, जिचं अजून काही झालेलं नाही.’ तो परत बुटांकडे बघत होता. मला त्याची दया यायला हवी होती. ती आली नाही. मी पानं त्याच्या हातातून घेतली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली टायरच्या दुकानात कोणीतरी हवा भरत होतं.

थोड्या वेळाने माहेनूर मागे येऊन उभी राहिली. मी वळले नाही.

‘आनंद झाला असेल तुला,’ मी म्हटलं.

‘झाला,’ ती म्हणाली. ‘रडलेसुद्धा, पण आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू?’

आता मी वळले.

‘मॅडम, वर्षभर माझ्या कानात आधी तुम्ही बोलता, मग मी,’ ती म्हणाली. ‘सगळे म्हणतात, वा, अगदी श्यामलाताई. कोणी म्हणत नाही, वा, माहेनूर. आता दादीशी भाजी काय करायची बोलतानाही मधेच तुमचा तो अर्धा श्वास येतो. तो यावा म्हणून मी आरशासमोर बसून मेहनत केली होती. आता जातच नाही.’

‘तो दमा आहे,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘मला दमा आहे. दम पुरत नाही म्हणून मी थांबते. त्यात अभिनय बिभिनय काही नाही.’

तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, हसेल. हसली असती तर मला तिचा मनापासून राग करता आला असता. ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर सगळी मेहनत वाया गेल्याचं दिसत होतं, आणि ते बघून मला थोडं बरं वाटलं. थोडंच.

मी आत गेले. पूर्वाला म्हटलं, मला आत्ताच बोलून टाकायचंय, पुढच्या आठवड्यापर्यंत मी मेलेली राहणार नाही. काचेच्या खोलीत जाऊन हेडफोन लावले. या वेळी उलटं होतं. आधी तिचा आवाज येणार, मग मी. आजवर असं कधी झालं नव्हतं.

हेडफोनमध्ये लढाईची धुमश्चक्री होती, मुनीमजींची टिकटिक होती. मग ती आली. तरुण कालिंदी माझ्याजवळ वाकली आणि म्हणाली, ‘तूच मी आहेस का? मी एवढं सगळं करणार आहे?’ कागदावर माझं उत्तर असं होतं: ‘तुझं कल्याण होवो, पोरी. आरमार सांभाळ.’

मी तोंड उघडलं. ती वाक्यं वाईट नव्हती. माझ्या जिभेवर ती येईनात, एवढंच. त्या आवाजात सगळं व्हायचं बाकी होतं. त्या बाईने लिहिलं होतं ते खरंच होतं.

‘मला तुझा हेवा वाटतो,’ मी म्हणाले.

आणि थांबले. कालिंदी तिथेच मेली.

काचेपलीकडे पूर्वाचा कप हवेतच राहिला. एरवी एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी ती लगेच थांबवते. या वेळी तिने थांबवलं नाही. धम्मदीप काचेजवळ आला, कपाळ काचेला टेकवलं आणि म्हणाला, हे राहू दे. फक्त एक अडचण झाली. तरुण कालिंदीचं पुढचं वाक्य होतं ‘जशी आज्ञा’, आणि मी तर कुठलीच आज्ञा दिली नव्हती. ते बदलणं भाग होतं. धम्मदीप म्हणाला, तिला सुचेल ते बोलू दे.

माहेनूरला आत बोलावलं. मी बाहेर येऊन पूर्वाच्या शेजारी बसले आणि सुटे हेडफोन कानाला लावले. पूर्वाने सवयीने विचारलं, आधी ताईंचं काय लावू? मग तिचं तिलाच कळलं की लावायला काही नाही. हे वाक्य मी कधी बोललेच नव्हते. हे तिचं तिलाच बोलायचं होतं, कोणाच्याही मागून नाही.

माहेनूर माइकसमोर उभी राहिली. मग काचेतून माझ्याकडे बघत तिने विचारलं, ‘मॅडम, कालिंदी काय म्हणेल?’

मी पूर्वासमोरचं, आत ऐकू जायचं बटण दाबलं. ‘मला काय विचारतेस? मी मेले.’

तिने डोळे मिटले. पूर्वाने माझं वाक्य वाजवलं. मला तुझा हेवा वाटतो. खालून एसटी गेली, सुदैवाने हॉर्न न वाजवता.

‘मलाही,’ माहेनूर म्हणाली.

आधी अर्धा श्वास नव्हता. माझी चाल नव्हती, माझं वजन नव्हतं. थोडा जाड, थोडा खरखरीत, हडपसरच्या पुढून रोज दोन बस बदलून येणाऱ्या मुलीचा आवाज होता तो, आणि तो मी पहिल्यांदाच ऐकत होते. चांगला होता. माझ्या पोटात परत दुखलं, आधीपेक्षा जास्त.

कालिंदीचं कुठलंही वाक्य पक्कं करायच्या आधी पूर्वा मला विचारते, अगदी पहिल्या भागापासून. तिने सवयीने मान वळवली. ‘ताई, चालेल?’

मी हेडफोन काढले. काचेपलीकडे ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.

‘चालेल,’ मी म्हणाले. तेवढं म्हणायलाही मला मधे अर्धा श्वास घ्यावा लागला.